इंग्लंडच्या खेड्यातील पबमध्ये उन्हाळ्याची संध्याकाळ: जेवण, गाणे आणि परतीचा प्रवास यांचा मेळ कसा घालावा

उन्हाळ्यात आई-वडील पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेले असतात, शनिवार-रविवार मोकळा असतो, ऊन पडलेले असते आणि कोणीतरी सुचवते की, खेड्यातल्या त्या जुन्या पबमध्ये आज गाणे आहे, तिकडेच जाऊ. पुढचे बहुतेक वेळा ठरल्यासारखे घडते. घरातून निघेपर्यंत दुपार होते, अरुंद रस्त्यांवर वाट चुकत सव्वातीनला मंडळी पोहोचतात, तेव्हा स्वयंपाकघर नुकतेच बंद झालेले असते. गाणे रात्री साडेआठला आहे हे तिथे गेल्यावर कळते. आणि बसने आलेल्यांची शेवटची बस सहालाच सुटणार असते. वेफर्सची पाकिटे फोडून सगळे परततात आणि ‘पबमध्ये खायला काही मिळत नाही’ असे वर्षभर सांगत राहतात.

खेड्यातील पबमध्ये तीन घड्याळे चालतात: एक स्वयंपाकघराचे, दुसरे गाण्याचे आणि तिसरे परतीच्या वाहनाचे. ती एकमेकांशी जुळलेली नसतात, आणि दारावर लिहिलेली पबची वेळ या तिन्हींपैकी एकाचीही नसते. ती केवळ पेये मिळण्याची वेळ असते. खालील सर्व पायऱ्या ही तीन घड्याळे घरी बसूनच जुळवण्यासाठी आहेत. लेख इंग्लंडपुरता आहे. वेल्समध्ये जवळपास हेच लागू पडते. स्कॉटलंडमध्ये परवान्याचा कायदा आणि वाहनचालकासाठीची मद्यमर्यादा दोन्ही वेगळी आहेत.

१. कार्यक्रम नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी ओळखा

पबच्या फलकावर किंवा फेसबुक पानावर नुसते ‘लाइव्ह म्युझिक’ लिहिलेले असते आणि त्या दोन शब्दांखाली चार अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

बँड येणार असेल तर तो बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री आठ ते नऊच्या दरम्यान सुरू होतो आणि अकराच्या आत संपतो. अकरा ही वेळ उगीच आलेली नाही. २०१२ च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या बदलांनी, परवानाधारक पबमध्ये सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात ५०० श्रोत्यांपर्यंत ध्वनिवर्धकासह गाणे-बजावणे वेगळ्या परवानगीशिवाय करता येते. त्यामुळे पबमालक अकराचा काटा ओलांडण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही, आणि अंगणातील कार्यक्रम तर शेजाऱ्यांच्या झोपेखातर त्याआधीच आवरतो. लहान मुले व वयस्क मंडळी बरोबर असतील तर रविवारी दुपारी तीन-चारला सुरू होणारा बँड शोधावा. माझ्या मते कुटुंबासाठी तोच सर्वांत सोयीचा कार्यक्रम आहे.

‘सेशन’ लिहिले असेल तर तो प्रेक्षकांसाठीचा कार्यक्रमच नव्हे. गावातले आणि आसपासचे वादक एका टेबलाभोवती बसून फिडल, कॉन्सर्टिना, मेलोडियन, बासरी अशा वाद्यांवर लोकधुना वाजवतात, तेही मुख्यतः स्वतःच्या आनंदासाठी. ‘ओपन माइक’ म्हणजे जो नाव देईल तो गाणार. दर्जा त्या रात्रीच्या नशिबावर. मॉरिस नृत्य हा चौथा प्रकार: पायांना घुंगरू, हातात रुमाल किंवा काठ्या घेतलेले नर्तक मे ते ऑगस्टमध्ये आठवड्यातील एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी पबच्या बाहेर नाचतात. ते उजेड असेतोवरच चालते, म्हणून तिथे उशिरा पोहोचून उपयोग नसतो.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार या दोन बँक हॉलिडेंना (सार्वजनिक सुट्ट्यांना) जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी अनेक पब बिअर महोत्सव भरवतात. त्या दिवशी नेहमीचा मेनू मिळेल असे गृहीत धरू नये. काही कार्यक्रम पिकाच्या हंगामाला बांधलेले असतात. वूस्टरशरमधील ब्रेटफर्टन गावचा ‘फ्लीस इन’, जो आज वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचा आहे, तिथल्या शतावरीच्या कोंबांच्या (ॲस्परागसच्या) महोत्सवासाठी ओळखला जातो. या कोंबांचा इंग्रजी हंगाम परंपरेने २३ एप्रिलला सुरू होऊन २१ जूनच्या आसपास संपतो. जुलैमध्ये तिथे गेलात तर लाकडी चौकटीची जुनी इमारत पाहून याल, ॲस्परागस मात्र हुकलेले असेल.

तपासून घ्या: कार्यक्रमाच्या जाहिरातीवर तारखेबरोबर वर्षही पाहा. गेल्या वर्षीचे भित्तिपत्रक पाहून निघालेले लोक मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. त्यांत एकदा आम्हीही होतो.

२. तीन घड्याळे एका कागदावर लिहा

स्वयंपाकघराच्या वेळा खेड्यात साधारणपणे दुपारी १२ ते २ किंवा २.३० आणि संध्याकाळी ६ ते ९ अशा दोन तुकड्यांत असतात. रविवारी दुपारी १२ ते ४ च्या सुमारास रोस्टचे (भाजलेले मांस, बटाटे आणि ग्रेव्हीचे) जेवण असते आणि संध्याकाळी चूल बंद. सोमवारी, कधी मंगळवारीही, पबच बंद असतो किंवा फक्त पेये मिळतात. प्रत्येक पबच्या वेळा वेगळ्या असल्या तरी साचा हाच असतो.

कागदावर पहिल्या ओळीत जेवणाची शेवटची ऑर्डर केव्हा, दुसऱ्या ओळीत गाणे केव्हा सुरू व केव्हा संपणार, आणि तिसऱ्या ओळीत परतीचे वाहन किती वाजता, हे लिहा. मग मागून पुढे या. समजा गाणे शनिवारी साडेआठला आहे. मग जेवण साडेसहाच्या आत मागवलेले असले पाहिजे, कारण साडेसात ते साडेआठ या तासात गाण्यासाठी येणारे सगळे एकदम जेवण मागवतात आणि दोन माणसांच्या स्वयंपाकघराची दमछाक होते. म्हणजे पोहोचायचे सहाला. परतीची टॅक्सी पावणेअकराची. रविवारचा हिशोब सोपा असतो: साडेबाराला जेवण, तीनला गाणे, सहाला परत.

सूर्यास्ताची वेळही याच कागदावर लिहावी. जूनच्या अखेरीस लंडनच्या परिसरात सूर्य नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो, तर ऑगस्टच्या अखेरीस आठच्या आतच. जूनमध्ये अंगणात रमलेली मंडळी त्याच बेताने ऑगस्टच्या शेवटी गेली की अंधारात कुडकुडतात.

सावधान: ‘फूड टिल नाइन’ याचा अर्थ नऊला ताट मिळेल असा नाही. ऑर्डर त्याआधी दिलेली हवी, आणि गर्दी असेल तर आचारी पावणेनऊलाच हात वर करतो.

३. फोन करा, आणि योग्य वेळी करा

ही पायरी लोक हमखास गाळतात. संकेतस्थळावरील वेळा जुन्या असू शकतात, आणि महोत्सवाच्या दिवशीचा मेनू तर तिथे क्वचितच असतो. फोन दुपारी एकला किंवा संध्याकाळी सातला करू नये. त्या वेळी उचलणाऱ्याच्या दुसऱ्या हातात तीन ताटे असतात. सकाळी अकराच्या पुढे किंवा दुपारी तीन ते पाचमध्ये, पब उघडा असेल तर, निवांत उत्तर मिळते. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी फोन करावा. संडे रोस्टसाठी आठवडाभर आधी केलेला बरा.

विचारायचे प्रश्न क्रमाने असे. त्या दिवशी नेहमीचा मेनू आहे, की फक्त बार्बेक्यू किंवा ‘हॉग रोस्ट’ आहे? हॉग रोस्ट म्हणजे अख्खे डुक्कर भाजून त्याच्या मांसाचे पाव. ते असेल त्या दिवशी अनेकदा दुसरे काहीच शिजत नाही. शाकाहारी पदार्थ कोणता, आणि तो वेगळ्या भांड्यात किंवा वेगळ्या शेगडीवर होतो का? टेबल आरक्षित करता येते का, आणि गाणे सुरू होण्यापूर्वी ते रिकामे करावे लागते का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ ठिकाणी बँडला जागा करण्यासाठी आतली टेबले उचलली जातात, आणि जेवून झालेल्या मंडळींना उभे राहून गाणे ऐकावे लागते. मुलांना रात्री किती वाजेपर्यंत बसता येते? हा नियम प्रत्येक पबचा स्वतःचा असतो आणि आठ-नऊनंतर मुले चालत नाहीत असे अनेक ठिकाणी असते. पाऊस आला तर कार्यक्रम आत हलवणार, की रद्द करणार?

आकाश निरभ्र दिसत असले तरी टेबल आतले मागावे. अंगणातील बाके बहुधा आरक्षित होत नाहीत, ती येईल त्याची. सर आली की अंगणातले सगळे आत येतात, आणि ज्याचे टेबल आत आहे तोच बसतो. शिवाय अंगणातील लाकडी बाकांची रचना अशी असते की, पाय उचलून आडव्या फळीवरून आत घालावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या व्यक्तीला, विशेषतः नऊवारी किंवा पाचवारी नेसलेल्या आजींना, हा प्रकार जमत नाही. ‘पाठ असलेल्या खुर्च्यांचे टेबल हवे’ एवढे फोनवर सांगितले की पबवाले आनंदाने व्यवस्था करतात.

कुत्र्यांची भीती वाटणारे कोणी बरोबर असेल तर तेही सांगावे. खेड्यातील पबमध्ये कुत्रे हे जवळपास नेहमीचे गिऱ्हाईक असते. पण जेवणाच्या दालनात त्यांना मनाई असलेले पब बरेच आहेत.

तपासून घ्या: फोन ठेवण्यापूर्वी नाव, माणसांची संख्या, वेळ आणि टेबल आत की बाहेर, हे त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्या. मराठी आडनाव फोनवरून बरोबर लिहिले जाण्याची आशा धरण्यापेक्षा सोपे पहिले नाव द्यावे.

४. जाण्यायेण्याची व्यवस्था आधी परतीची, मग जाण्याची करा

खेड्यातील शेवटची बस अनेकदा संध्याकाळी सहा-सातलाच असते आणि रविवारी कित्येक मार्गांवर बसच नसते. शहरातल्या सवयीने ॲप उघडून गाडी बोलवू म्हटले तर खेड्यात गाडीही नसते आणि कधी मोबाइलची रेंजही नसते. जवळच्या गावातील टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून परतीची वेळ आणि पबचे नाव द्यावे. जाताना बस आणि येताना टॅक्सी हा खर्चाच्या दृष्टीने चांगला मध्यममार्ग आहे.

स्वतःची मोटार नेणार असाल तर चालवणारी व्यक्ती घरातून निघतानाच ठरली पाहिजे, आणि तिने मद्य घेऊ नये. इंग्लंडमधील कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. पण ‘एक पिंट बिअर चालते’ हा लोकांचा हिशोब शरीर, जेवण आणि पेयाची तीव्रता यांवर उलटतो. दिवे नसलेल्या, दोन्ही बाजूंनी उंच कुंपणे असलेल्या रस्त्यांवर रात्री तो हिशोब मांडत बसू नये.

काही पब मोटारीने गाठताच येत नाहीत. एक्सेटरजवळ, कालवा जिथे खाडीला मिळतो तिथल्या ‘टर्फ’ या पबला पायी, सायकलने किंवा बोटीनेच जावे लागते. अशा ठिकाणी चालत जाण्याचा बेत असेल तर परतीची वाट उजेडात एकदा पायाखालून गेलेली असावी.

५. बरोबर काय घ्यावे आणि काय घरी ठेवावे

गरम कपडे घ्या, कितीही ऊन असले तरी. सूर्य कलला की अंगणात गारवा येतो. आणि नॉर्थ यॉर्कशरमधील ‘टॅन हिल इन’सारख्या ५२८ मीटर उंचीवरच्या पबला जाणार असाल तर ऑगस्टमध्येही जाडजूड जॅकेट लागते. परागकणांचा त्रास असलेल्यांनी जूनमध्ये गोळी विसरू नये.

तरुण दिसणाऱ्यांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. मद्य विकत घेण्याचे वय १८ आहे. मात्र पंचविशीच्या आतली दिसणारी प्रत्येक व्यक्ती पुरावा दाखवायला बोलावली जाऊ शकते. पासपोर्ट किंवा ब्रिटिश वाहनपरवाना चालतो. आधार कार्ड पाहून बारमागची व्यक्ती गोंधळून जाते, पण पेय देत नाही. थोडी रोकडही असू द्यावी: बारवर कार्ड चालते, परंतु मॉरिस नर्तकांची टोपी किंवा वादकांसाठीचे भांडे फिरते तेव्हा नाणी लागतात.

आणि डबा. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिवडा, दशम्या हे सर्व गाडीत राहू द्यावे. पब आपल्या अंगणातील बाकांचे भाडे घेत नाही, कारण त्याची कमाई जेवण-पेयांवर असते. बाहेरचे खाणे तिथे उघडणे म्हणजे खाणावळीत बसून घरची शिदोरी सोडण्यासारखे आहे. तान्ह्या बाळाच्या खाण्याला कोणी हरकत घेत नाही. वाढदिवसाचा केक आणायचा असेल तर फोनवर विचारून ठेवावे.

६. पोहोचल्यावरचा क्रम: टेबल, क्रमांक, मग बार

आत शिरल्यावर कोणी येऊन बसवेल म्हणून दारात उभे राहू नका. टेबल आरक्षित असेल तर बारवर नाव सांगा. नसेल तर रिकामे टेबल शोधा, त्यावर ‘रिझर्व्ह्ड’ची चिठ्ठी नाही ना ते पाहा, आणि टेबलावरचा क्रमांक लक्षात ठेवा. मग सर्वांना काय हवे ते विचारून एकाच व्यक्तीने बारवर जावे. सात जणांनी बारसमोर घोळका करून आपसांत चर्चा करणे ही आपली सवय तिथे फार अडचणीची ठरते.

बारसमोर बहुधा रांग दिसत नाही, तरी ती असते. कोण आधी आले हे बारमागच्या व्यक्तीला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकांनाही. हात हलवणे, नोट दाखवणे, हाक मारणे यांनी क्रमांक मागे जातो. नजरानजर पुरेशी आहे. जेवणही इथेच, टेबलाचा क्रमांक सांगून मागवायचे आणि बहुधा लगेच पैसे द्यायचे. टेबलावर येऊन ऑर्डर घेणारे पबही आहेत, म्हणून पहिल्यांदा बारवर एवढेच विचारावे की जेवण इथे सांगायचे की टेबलावर.

बारवर बक्षिसी देण्याची रीत नाही. टेबलावर वाढले असेल तर बिलात सेवाशुल्क आधीच लावले आहे का ते पाहून मग ठरवावे.

७. जेवण मागवताना: ‘व्हेज’ हा शब्द पुरेसा नाही

आपल्या मंडळींची सर्वांत मोठी फसगत इथे होते, आणि ती बहुतेक वेळा जेवण संपल्यावर कळते किंवा कधीच कळत नाही.

गोमांस न खाणारे लोक रविवारी चिकन रोस्ट मागवून निश्चिंत होतात. पण रोस्टच्या ताटातील भाजलेले बटाटे आणि यॉर्कशर पुडिंग (गोड नव्हे, अंडे-मैद्याच्या पिठाचा भट्टीत फुलवलेला पदार्थ) हे परंपरेने गाईच्या चरबीत केले जातात. तिला ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणतात. बटाट्यांसाठी कधी हंसाची चरबी वापरतात. ग्रेव्हीसुद्धा अनेक ठिकाणी सर्व ताटांना एकच असते. तेव्हा मांस कोणते हे विचारण्याबरोबर बटाटे, पुडिंग आणि ग्रेव्ही कशात केली आहे, हे तीन वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. चिप्सचेही तेच: उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशरमध्ये, त्या चरबीत तळण्याची पद्धत आजही आहे, आणि जिथे तेल वापरतात तिथे त्याच कढईत मासेही तळलेले असू शकतात.

शाकाहारी मंडळींसाठी आणखी काही सापळे आहेत. ब्रिटनमध्ये शाकाहारात अंडे मोडते, त्यामुळे ‘व्हेजिटेरियन’ ताटातील पुडिंग, मेयोनेझ किंवा मेरिंग यांत ते असणारच. अंडेही नको असेल तर ‘व्हीगन’ पदार्थ विचारणे सर्वांत सोपे. त्यात दूधही नसते, पण शंका उरत नाही. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. ‘स्कॉच एग’मध्ये अंड्याभोवती सॉसेजच्या खिम्याचे आवरण असते. बार्बेक्यूवर पनीरसारखे दिसणारे हलूमी भाजून देतात, मात्र बर्गरच्याच जाळीवर. फॉइलवर किंवा वेगळ्या तव्यावर भाजून द्या असे फोनवरच सांगून ठेवले तर होते, ऐन गर्दीत सांगितले तर होत नाही.

मग खावे काय? ‘प्लाउमन्स लंच’ हा पाव, चीज, सफरचंद, कांदा आणि पिकल यांचा थंड थाळा उन्हाळ्यात छान लागतो. फक्त त्यावर हॅम ठेवू नका असे सांगावे आणि तिथले पिकल म्हणजे लोणचे नव्हे, गोड-आंबट चटणी, हे ध्यानात ठेवावे. जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला अख्खा बटाटा, जवळपास सगळीकडे मिळतो. संकष्टीच्या दिवशीच पबला जाण्याचा प्रसंग आला तर लोणी-मीठ घातलेला हा बटाटा आधाराला येतो. चंद्रोदय उन्हाळ्यात तिथे फारच उशिरा होतो, तो भाग वेगळा. रोस्टच्या दिवशी शाकाहाऱ्यांसाठी सुक्या मेव्याचा ‘नट रोस्ट’ असतो, पण तो मोजकाच केलेला असल्याने आरक्षण करतानाच सांगून ठेवावा.

काही नामांकित पबमध्ये पूर्ण जेवण मिळतच नाही. डॉर्सेटमधील वर्थ मॅट्राव्हर्स या गावचा ‘स्क्वेअर अँड कंपस’ गाण्यासाठी आणि सायडरसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथले खाणे म्हणजे प्रामुख्याने पेस्टी, आपल्या करंजीची तिखटमिठाची, धिप्पाड थोरली बहीण. तिथे रोस्टच्या आशेने जाऊ नये.

सावधान: शेंगदाणे, तीळ, मोहरी यांसह १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती मागितल्यास देणे खाद्यविक्रेत्यांना बंधनकारक आहे. ॲलर्जी असेल तर ती ऑर्डर देताना स्पष्ट सांगा. मात्र ‘मी हे खात नाही’ या अर्थाने ‘मला ॲलर्जी आहे’ म्हणू नका. त्यामुळे स्वयंपाकघरात सगळी भांडी नव्याने घासून कामाला लागतात आणि तुमच्यामागचे वीस जण ताटकळतात.

८. पेये

पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा पिंट मागण्यात काही कमीपणा नाही, आणि महोत्सवात एक तृतीयांश पिंटचे माप मिळते. चार-पाच प्रकार चाखायचे असतील तर तेच घ्यावे. हातपंपाने ओढून दिलेली ‘रिअल एल’ ही पारंपरिक बिअर फ्रिजसारखी थंडगार नसते, तळघराच्या म्हणजे साधारण ११ ते १३ अंश तापमानाची असते. ‘कोमट दिली’ म्हणून ती परत करू नये. आंबट, व्हिनेगरसारखी लागली तर मात्र जरूर परत करावी, विनातक्रार बदलून मिळते.

कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, पिंपातील एल नितळ करण्यासाठी अनेकदा माशाच्या वायुपिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. व्हीगन असे लिहिलेली, किंवा आयसिंग्लास न घातलेली गढूळ एल विचारावी.

‘सायडर’ला सफरचंदाचा रस समजून आजोबांच्या हाती देण्याची चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. ब्रिटनमध्ये सायडर हे मद्यच असते आणि सॉमरसेट-हेरफर्डशरकडील गावठी सायडर ६-७ टक्क्यांचे असू शकते, म्हणजे ४ टक्क्यांच्या एलच्या दीडपट किंवा त्याहून अधिक. जिंजर बिअर दोन्ही प्रकारची असते, म्हणून विचारून घ्यावी. मद्य नको असलेल्यांसाठी लाइम-सोडा स्वस्त आणि थंड. कोपऱ्यात फक्त पाणी मागून बसले तरी कोणी हाकलत नाही, पण जागा अडवल्यासारखे वाटू नये म्हणून काहीतरी घ्यावे.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना, मोठी व्यक्ती बरोबर असेल आणि तिने विकत घेतली असेल, तर जेवणासोबत बिअर, वाइन किंवा सायडर कायद्याने चालते. पबने त्यालाही नकार दिला तर वाद घालू नये, तो अधिकार त्यांचा आहे.

तपासून घ्या: जुलैच्या उत्तरार्धापासून गांधीलमाश्या गोड पेयावर तुटून पडतात. ग्लासवर बिअरची पुठ्ठ्याची चकती झाकून ठेवा आणि प्रत्येक घोटापूर्वी आत पाहा.

९. गाणे सुरू झाल्यावर

बँडच्या वेळी फारसे नियम नाहीत: ध्वनिवर्धकासमोर मुलांना बसवू नये, टाळ्या मनापासून द्याव्यात, टोपी फिरली की त्यात काही टाकावे.

सेशनचे मात्र संकेत आहेत आणि ते कुठे लिहिलेले नसतात. वादकांच्या टेबलाची रिकामी खुर्चीदेखील कोणाची तरी ठरलेली असते, तिथे बसू नये. फर्माईश करू नये. मोबाइल तोंडासमोर धरून चित्रण करू नये. कोणी वाद्याशिवाय एकटे गात असेल तर बारवरचेही बोलणे थांबते; तेव्हा आपण ‘अरे, चहा मिळतो का बघ’ म्हणू नये. ध्रुवपद आले की सगळे गातात, त्यात जरूर सामील व्हावे.

आपल्या गावच्या भजनी मंडळात कोणी अनोळखी माणूस येऊन थेट पखवाज पुढ्यात ओढेल तर बुवांना काय वाटेल, हा विचार केला की बाकीचे नियम आपोआप कळतात. तबला वाजवणाऱ्यांना सामील व्हायचे असेल तर आधी एखाद-दोन वेळा नुसते ऐकायला जावे, सेशन चालवणाऱ्या व्यक्तीला विचारावे, आणि बोलावले तर हळू वाजवावे. सहा मात्रांची ‘जिग’ ही धून दादऱ्याच्या अंगाने आणि ‘रील’ केरव्याच्या अंगाने धरता येते. धुना बहुतेक डी आणि जी या स्वरांत, म्हणजे आपल्या पेटीच्या पांढरी दोन आणि पांढरी पाचमध्ये असतात, तेव्हा तबला त्याप्रमाणे लावून न्यावा. दोन-तीन धुना सलग जोडून वाजवतात. मध्येच धून बदलली की ती संपली असे समजून टाळ्या वाजवू नका. वादकांचे हात थांबेपर्यंत थांबा.

१०. निघताना

बंद होण्याच्या थोडे आधी घंटा वाजते, ती शेवटच्या ऑर्डरची. दुसऱ्यांदा ‘टाइम’ असा पुकारा झाला की विक्री थांबते आणि हातातील पेय संपवायला रिवाजाप्रमाणे वीसेक मिनिटे मिळतात. रिकामे ग्लास बारवर नेऊन ठेवले तर दिवसभर राबलेल्या माणसांचे काम हलके होते.

दारात उभे राहून अर्धा तास निरोप घेण्याची आपली पद्धत इथे आवरती घ्यावी लागते. पबच्या पार्किंगला लागूनच लोकांची घरे असतात, आणि रात्रीच्या गोंगाटाच्या तक्रारी वाढल्या तर पुढच्या गाण्यावरच गदा येते. पुढच्या भेटीचे ठरवायचे असेल ते आत, टेबलावरच ठरवा. टॅक्सी पावणेअकराची सांगितली असेल तर दहा चाळीसला सगळ्यांनी रस्त्याच्या कडेला दिसेल असे उभे राहावे. रेंज नसल्याने चालकाला तुम्हाला फोन करता येत नाही, आणि पबसमोर कोणी दिसले नाही तर तो गाडी वळवून परत जातो.